उंच वाटतंय का, काका?

पन्नाशी ओलांडलेली मराठी माणसं लग्नाच्या पंगतीत भेटली की पगार, पेन्शन आणि मुलाचं पॅकेज एवढं विचारून झाल्यावर चौथा प्रश्न येतो तो "कॅप कितीला बसली?" हा. विचारणारा उगाच विचारत नाही. आपण जिलबी डाव्या बाजूने चघळतोय हे त्याने मघाशीच हेरलेलं असतं, कारण तो स्वतः उजव्या बाजूने चघळत असतो. मग वधूवर राहतात बाजूला. एकाची मेटलची असते, दुसऱ्याची सिरॅमिकची. तेवढ्यात तिसरा कोणी झिरकोनियावाला येऊन बसला की हे दोघे नकळत सरकून त्याला जागा करून देतात. करंगळीच्या नखावर मावेल एवढी ही वस्तू, पण किंमत दोन-तीन हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत काहीही. ज्याची महाग, तो जास्त वेळ बोलतो. बायकांच्या पंगतीत हीच चर्चा जरा हळू आवाजात चालते, आणि तिथे तपशील जास्त असतो.

ज्यांची वेळ अजून आलेली नाही त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो. दाढ किडते. ती किडतेय हे तिलाही माहीत असतं आणि आपल्यालाही, पण दोघंही विषय काढत नाही. मग एका रात्री ती ठणकायला लागते. ही रात्र बहुधा शनिवारची असते, कारण रविवारी दवाखाना बंद. लवंग, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, शेजाऱ्यांकडची कुणाच्या तरी गुडघ्यासाठी आणलेली गोळी, असं करत सोमवार उजाडतो आणि रूट कॅनाल सुरू होतं. नस काढली जाते, ठणका थांबतो, आणि ठणका थांबला की आपल्या लेखी उपचार संपला. तरी डॉक्टर म्हणतात, "आता यावर कॅप बसवून घ्या." फोन घेतल्यावर दुकानदार कव्हर आणि काच गळ्यात मारतो, तसलाच हा प्रकार आहे अशी आपली खात्री पटते. "बघतो, सांगतो" म्हणून आपण जे निघतो ते थेट भेळेच्या गाडीवर.

खरं तर दाढेची गोष्ट इथून नाजूक होते. आधी किडीने पोखरलेली, मग नसेपर्यंत पोचायला डॉक्टरांनी मधोमध भोक पाडलेली. आता तिच्या फक्त कडेच्या भिंती उभ्या असतात. त्यात भेळेतला एखादा न फुटलेला चणा बरोबर मध्यावर आला की भिंतीला उभी चीर जाते. चीर वरच्या वर थांबली तर निभावतं, मुळापर्यंत गेली तर दाढ काढण्यावाचून इलाज नाही. ज्या दाढेसाठी रूट कॅनालचे पैसे मोजले ती चिमट्यात धरून डॉक्टर आपल्याला दाखवतात, आणि ते पाहताना भेळ आठवते.

म्हणून कॅप. कॅप बसायची तर आधी तिला जागा हवी, म्हणून दाढ चारही बाजूंनी मिलिमीटर-दीड मिलिमीटर आणि वरून दोनेक मिलिमीटरपर्यंत घासतात. दाताचं वरचं कवच ही माणसाच्या शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू, हाडाहूनही कठीण. ती घासायला हिऱ्याची पूड लावलेली बारीक टोकं वापरतात. आयुष्यात बायकोला हिरा घेऊन देता आला नाही, पण स्वतःच्या तोंडात हिरा फिरून गेला, एवढं समाधान या खुर्चीत मिळतं. घासताना डॉक्टर मॅडम हाताखालच्या मुलीला "फोर सिक्स" असं काहीतरी सांगतात. माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी तेव्हा आ वासलेल्या अवस्थेतच डोळ्यांनी "कोण खेळतंय?" असं विचारलं होतं. ती दाढेची ओळख असते: चार म्हणजे खालचा उजवा भाग आणि सहा म्हणजे समोरच्या मधल्या दातापासून मोजत मागे गेलं की सहावा. बहुतेकांच्या तोंडात पहिला बळी हाच सहावा जातो. तो सहाव्या वर्षाच्या आसपास येतो, आईबापांना तो दुधाचाच वाटतो, आणि पडून दुसरा येईल या भरवशावर चॉकलेटं चालू राहतात.

दातावर धातू चढवायची हौस जुनी आहे. मार्को पोलोने आजच्या युन्नानमधल्या अशा लोकांबद्दल लिहिलंय, जे दातांवर सोन्याचे पत्रे बसवत. फारसीत त्यांचं नावच ‘जरदंदान’, सोनेरी दातवाले. आपल्याकडे कनौजचा राजा जयचंद ११९४ साली चंदावरच्या लढाईत पडला तेव्हा प्रेतांच्या ढिगात त्याला कोणी ओळखेना. अरबी इतिहासकार इब्न अल-असीर सांगतो की शेवटी ओळख पटली ती दातांवरून, कारण त्याचे हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधलेले होते. राजमुकुट गेला, राज्य गेलं, दंतवैद्याचं काम मात्र टिकलं. दाताच्या रंगाची पोर्सेलिनची कॅप तयार व्हायला एकोणिसाव्या शतकाची अखेर यावी लागली. ती डेट्रॉइटच्या चार्ल्स लँड नावाच्या दंतवैद्याची करामत. त्याच्या मुलीचा मुलगा चार्ल्स लिंडबर्ग १९२७ साली एकट्याने विमान उडवत न्यूयॉर्कहून पॅरिसला गेला आणि जगभर गाजला. आजोबांनी कोट्यवधी लोकांना पुन्हा चावता येईल अशी सोय केली, तर त्यांचं नाव दंतवैद्यांनासुद्धा परीक्षेपुरतंच आठवतं.

कॅपची तयारी सुरू झाली की माप घेतात. एका पत्र्याच्या ट्रेमध्ये थंडगार लगदा भरून तो जबड्यावर दाबून धरतात आणि "नाकाने श्वास घ्या" म्हणतात. त्या क्षणी आयुष्यभर बिनतक्रार चाललेलं नाक बंद असल्याचा शोध लागतो. हल्ली काही दवाखान्यांत छोटा कॅमेरा तोंडात फिरवून माप घेतात आणि दाढ पडद्यावर फिरताना दिसते. त्यात उमळत नाही, पण आपली दाढ एवढी मोठी करून पाहणं हा वेगळाच मनस्ताप.

कॅप पुढच्या दाताची असेल तर शेड ठरवायची असते. डॉक्टरांकडे एका पट्टीला ओळीने लावलेले सोळा छटांचे दात असतात. त्यातला एकेक ओठाशी धरून पाहायचा. या कामाला बायको बरोबर असतेच. तिने साडीच्या दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फसवणूक सोसलेली असते, त्यामुळे ती मॅडमना खिडकीपाशी यायला सांगते. आणि ती बरोबर असते: शेड दिवसाच्या उजेडातच पाहायची, आणि खुर्चीत बसल्या-बसल्या आधी, कारण तासभर उघडं राहून दात कोरडा पडला की तो आहे त्याहून पांढरा दिसतो. भांडण पुढे होतं. बायको म्हणते, "एक शेड उजळ घ्या ना." मॅडम म्हणतात, "काकू, बाकीचे दात चहाच्या रंगाचे आहेत. हा एकटाच उजळ दिसला तर फोटोत काका दिसणार नाहीत, दात दिसेल." इथे डॉक्टरांचं ऐकावं. आणि कॅप कायमची चिकटवण्याआधी नुसती बसवून, हातात आरसा घेऊन, हसून बघावं. सिमेंट लागल्यावर रंगाबद्दल बोलून उपयोग नसतो.

लॅबमधून पक्की कॅप येईपर्यंत काही दिवस प्लॅस्टिकची टेम्पररी कॅप असते. ती मुद्दाम कच्च्या सिमेंटने चिकटवतात, कारण ती काढायची असते. हे रुग्णाला ठाऊक असतं, तरी ती निघाली की डॉक्टरांचं काम कच्चं होतं असं तो चार लोकांना सांगतो. या दिवसांत काय खायचं नाही याची यादी मिळते: चिक्की, ऊस, सुपारी, फणसपोळी, तिळाची वडी. नेमका त्याच आठवड्यात सोलापूरहून आत्याचा डबा येतो. त्यात शेंगाचटणी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली कडक भाकरी. मी फोन करून विचारलं, "मॅडम, कडक भाकरी चालेल का?" पलीकडून उत्तर आलं, "काका, तुम्ही प्रश्नातच सांगितलंत." शेवटी ती आमटीत चुरून खाल्ली. सोलापूरच्या माणसाला ही गोष्ट सांगू नये.

टेम्पररी आहे म्हणून ती पडली तर पडली असं मात्र नसतं. घासलेल्या दाढेच्या शेजारचे दात मोकळी जागा बघून हळूहळू सरकतात, आणि लॅबहून आलेली पक्की कॅप मग बसत नाही. जागा दिसली की सरकून बसायचं हे लोकलमध्ये आपण करतोच, तोंडात दात करतात. म्हणून ती निघाली की लगेच फोन करायचा. आणि त्या दिवसांत फ्लॉस वापरणाऱ्यांनी धागा वर न खेचता बाजूने ओढून काढायचा, नाहीतर धाग्याबरोबर कॅपही हातात येते.

आता येतो तो क्षण, ज्यासाठी मी एवढं लिहिलं. पक्की कॅप बसते. मॅडम दातांमध्ये निळा कागद ठेवतात. "चावा. टकटक करा. डावीकडे घासा. उजवीकडे घासा." कागद बाहेर काढतात, आत डोकावतात आणि विचारतात, "उंच वाटतंय का, काका?"

मराठी माणसाची इथे कसोटी लागते आणि तो हमखास नापास होतो. शिंप्याने पँट अर्धा इंच उंच शिवली तर आपण ती चारचौघांत त्याच्या टेबलावर आपटतो. रिक्षावाल्याने पाच रुपये जास्त मागितले तर रस्त्यात उभं राहून नागरिकशास्त्र शिकवतो. पण दंतवैद्याच्या खुर्चीत पाठीवर पडलेलो, ओठ बधिर, गळ्याला हिरवा रुमाल, बाहेर सहा लोक वाट बघतायत, त्यातलं एक लहान मूल रडतंय, आणि मॅडम घामाघूम. अशा वेळी उंच आहे म्हणणं म्हणजे कुणाच्या घरी जेवून उठताना भाजीत मीठ कमी होतं म्हणण्यासारखं अशिष्ट वाटतं. आपण म्हणतो, "ठीक आहे." मॅडम म्हणतात, "नक्की?" आपण म्हणतो, "चालेल. होईल सवय."

होत नाही. दाताच्या मुळाभोवती बारीक तंतूंचा एक पातळ पडदा असतो. दाढेतली नस काढली तरी तो जिवंत राहतो, आणि केसाच्या जाडीहून कमी फरकसुद्धा त्याला कळतो. भातातला खडा, पोह्यातली वाळू, भाकरीतली खर त्यालाच आधी कळते. कॅप एवढीशी जरी उंच राहिली तरी प्रत्येक घासाला पहिला मार तिच्यावर बसतो, बाकीचे दात नुसते बघत राहतात. मग चावताना कळ येते, पुढे न चावताही ठणकतं, जबड्याचा सांधा दुखायला लागतो. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका याच दुखण्यासाठी आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेले, कारण दुखणं कानापाशी येत होतं. तिथून मानेच्या पट्ट्यापर्यंत मजल गेली. रूट कॅनाल झालेल्या दाढेत नसच नाही तर ती दुखेल कशी, हा त्यांचा बिनतोड मुद्दा होता. बँकेत ऑडिटला होते ते. शेवटी कॅप बसवणाऱ्या मॅडमकडेच काकूंनी त्यांना हाताला धरून नेलं. पुन्हा निळा कागद, दोन मिनिटं घरघर, आणि काका उठले ते हसत. पैसे विचारले तर मॅडम म्हणाल्या, "याचे नसतात काका. तेव्हाच बोलला असतात तर!"

तेव्हा उंच वाटलं तर उंच म्हणायचं. आडवं पडून चावलं तर जबडा जरा मागे जातो, म्हणून खुर्ची सरळ करायला सांगायची आणि बसून पुन्हा टकटक करून बघायची. बधिर असताना कुणालाच नीट कळत नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर फोन करून सांगितलं तरी कोणी रागावत नाही. एक-दोन दिवस नवं-नवं वाटणं वेगळं. पण बाकीचे दात टेकायच्या आत ही एकटीच टेकत असेल तर ती सवयीची बाब नव्हे.

ज्या दाढेत नस शाबूत ठेवून कॅप बसवलेली असते तिचं दुखणं निराळं. तिला थंड पाणी झोंबतं. मिलिमीटरभर कवच घासून झाल्यावर कुणाला झोंबणार नाही? काही दिवस, कधी काही आठवडे असं होतं आणि कमी होत जातं. कमी होण्याऐवजी वाढत गेलं, गरम चहानंतर कळ रेंगाळायला लागली किंवा रात्री झोपेतून उठवायला लागली, तर आत नस कुरकुरतेय असं समजून जावं आणि लवंगतेलावर संसार चालवू नये. लवंगतेल थेंबभर कापसावर ठीक; बाटली तोंडात ओतणाऱ्या मंडळींची हिरडी भाजते आणि मग दोन तक्रारी होतात.

तिसरी तक्रार अडकण्याची. कॅप आणि शेजारची दाढ यांच्यात फट राहिली की जेवणातला सगळा ऐवज तिथे जमा होतो: मेथीचा धागा, मटणाची शीर, नारळाचा कीस. आमच्या वहिनींच्या बांगडीला कायम दोन सेफ्टी पिना लावलेल्या असतात. साडी कधी सुटली तर म्हणून त्या असतात असं सांगितलं जातं, पण मी गेली अनेक वर्षं त्यांना एकाच कामासाठी वापरताना पाहिलंय. पदर तोंडाशी, मान जरा वळवलेली, आणि पिनेचं टोक अचूक जागी. पुरुष मंडळी व्हिजिटिंग कार्डाच्या कोपऱ्यावर भागवतात. पिनेने हिरडी फाटते, कार्डाचा कागद आतच राहतो, आणि हिरडी सुजून वास यायला लागतो. दातांमधला बारीक ब्रश औषधाच्या दुकानात मिळतो, तो बरा. पण रोज एकाच जागी अडकत असेल तर तो ब्रशचा प्रश्न नाही, कॅपच्या बाजूच्या टेकणीचा आहे. फ्लॉस दोन दातांमधून जाताना जरासा अडून टक् करून गेला पाहिजे; नुसता सुळ्ळकन गेला तर मधे फट आहे. ती डॉक्टरांनीच बुजवायची, कधी कॅप नवी करून. तेही कॅप बसवतानाच फ्लॉस घालून दाखवायला सांगितलं तर पुढचं वाचतं.

आणि मग एके दिवशी कॅप हातात येते. घरात असा प्रसंग आला की लोकांचे स्वभाव कळतात. माझा मेहुणा इंजिनिअर आहे. त्याने ड्रॉवरमधून झटपट चिकटवणाऱ्या गोंदाची ट्यूब काढली, आरशासमोर उभा राहिला आणि कॅप बसवून मोकळा झाला. आरशात पाहून बसवल्यामुळे ती जराशी फिरली होती. तोंड मिटेना. बोट ओठाला चिकटलं होतं ते वेगळंच. नुसती पुन्हा सिमेंटने बसवून थोडक्यात झालं असतं, तिथे ती कॅप कापून काढावी लागली आणि नवीचं बिल आलं. तो गोंद तोंडासाठी नाहीच. हिरडी पोळते, आणि वाळलेला थर आत राहिला की कॅप पुन्हा जागेवर बसत नाही.

कॅप निघाली तर आधी तिच्या आत बघायचं. नुसतं सिमेंट दिसलं तर घाबरायचं कारण नाही. आत दाताचा तुकडा अडकून आला असेल तर मामला गंभीर, त्याच दिवशी फोन. पाण्याने धुऊन ती छोट्या डबीत ठेवायची. टिश्यू पेपरात गुंडाळून टेबलावर ठेवलेल्या कॅपा सकाळी केराबरोबर जातात, हा अनेक घरांचा अनुभव आहे. डॉक्टर गावाला असतील तर कवळी चिकटवायची पेस्ट औषधाच्या दुकानात मिळते, तिने चार दिवस निभावतं. पण झोपताना ती कॅप काढून ठेवायची.

का, ते आमच्या सासऱ्यांना विचारा. त्यांची सैल झालेली कॅप एकादशीच्या दिवशी खजुराबरोबर पोटात गेली. फोनवर मॅडमचा पहिला प्रश्न होता, "खोकला येतोय का? श्वास घ्यायला त्रास?" तो येत असेल तर कॅप श्वासनलिकेत गेलेली असू शकते, मग वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. तसं काही नव्हतं. पोटात गेलेली कॅप बहुधा आपल्या वाटेने निघून जाते. सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, "मग उपवास मोडला का?" यावर घरात बरीच चर्चा झाली. सिरॅमिक म्हणजे मातीच आणि माती उपवासाला निषिद्ध नाही, असा निवाडा झाला. खरी पंचाईत पुढे होती. मॅडम जरा संकोचून म्हणाल्या होत्या की मिळाली तर निर्जंतुक करून परत बसवता येते. सासरे सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, सरकारी मालाची नासधूस सहन न होणारे. त्यांनी यावर गंभीरपणे विचार चालवलेला पाहून सासूबाईंनी जाहीर केलं, "ती परत बसवलीत तर आजपासून स्वयंपाक तुम्ही करायचा." नवी घेतली.

नव्या झिरकोनियाबरोबर त्यांना वॉरंटी कार्ड मिळालं. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांनी पाहावं. एटीएम कार्डाच्या आकाराचं, चकचकीत, होलोग्राम लावलेलं, त्यावर रुग्णाचं नाव, दाढेचा नंबर आणि ‘दहा वर्षं’. कुणाचं पंधराचं असतं, कुणाचं आजन्म. आजन्म म्हणजे कुणाच्या जन्माचं, ते छापलेलं नसतं. हे कार्ड घरोघरी एलआयसीच्या पॉलिसीबरोबर कपाटात जातं आणि त्या दिवसापासून माणूस त्या दाढेची काळजी घ्यायची सोडून देतो. "आता काय, दहा वर्षं बघायला नको." माझा सगळा राग या कार्डावर आहे. वॉरंटी कॅपची असते. कॅप फुटली तर लॅब नवी करून देईल. कॅपला कीड कधीच लागत नाही, तिच्यात लागायला काही नाहीच. कीड लागते ती कॅप जिथे संपते आणि दात सुरू होतो त्या कडेला, हिरडीच्या काठावर, जिथे आपला ब्रश पोचत नाही कारण आपण समोरचे दात घासून आरशात हसून बाहेर पडतो. ती कडेने आत शिरते. रूट कॅनाल झालेली असेल तर दाढ बोलतही नाही, कारण बोलणारी नस काढलेली असते. एक दिवस कॅप अखंड, चकचकीत, होलोग्रामसकट हातात येते आणि तिच्या आत कुजलेला दात असतो. कार्ड घेऊन गेलात तर लॅबवाला म्हणणार, आमच्या मालात दोष नाही. आणि तो खरं बोलत असतो.

चांगली राखली तर कॅप साधारण दहा-पंधरा वर्षं जाते, काहींची त्याहून कितीतरी जास्त. राखायची म्हणजे त्या काठावरून मऊ ब्रश तिरका धरून फिरवायचा, मधे फ्लॉस घालायचा, वर्षातून एकदा दाखवून यायचं. मेटलवर सिरॅमिक चढवलेल्या कॅपेखाली हिरडी मागे सरकली की काठाला काळी रेघ दिसते. ती कीड नव्हे, आतला धातू दिसतोय. मागच्या दाढेला ती असली तर सोडून द्यावी. पुढच्या दाताला असली तर मुलीच्या लग्नाआधी बदलतात. सिरॅमिकचा टवका उडाला तर छोटा असल्यास घासून गुळगुळीत करतात. टवका उडवायला सुपारी पुरते, नळी चोखणं पुरतं, आणि दाताने सोड्याच्या बाटलीचं बूच काढणारे अजूनही आहेतच. रात्री झोपेत दात खाणाऱ्यांना मात्र यातलं काहीच लागत नाही. त्यांना आपण दात खातो हे मान्य नसतं. साक्षीदार पलंगाच्या दुसऱ्या बाजूला असतो आणि त्याच्या साक्षीला घरात किंमत नसते. त्यांना रात्री घालायचा प्लॅस्टिकचा गार्ड करून देतात. तो घालून बोलणारा नवरा इतका बोबडा बोलतो की निम्म्या घरांत तो डबीतच राहतो.

गाव बदललं आणि नवीन डॉक्टरांकडे जावं लागलं की एक प्रसंग ठरलेला. ते आरसा आत घालतात, जुन्या कॅपेकडे बघतात, दोन सेकंद गप्प राहतात आणि विचारतात, "कुठे केली ही?" या प्रश्नाचा सूर सगळ्या दंतवैद्यांना कॉलेजात शिकवत असावेत. आपण ओशाळून गावाचं नाव सांगतो. ते "हं" म्हणतात. त्या "हं"ला भिऊन दुखत नसलेली कॅप काढायला होकार देऊ नये. एक्स-रेत काय दिसतं ते आधी विचारावं. नुसत्या धातूच्या कॅपेखालचं एक्स-रेत दिसत नाही, कडेचं आणि मुळाचं दिसतं, आणि बरेचदा तेवढं पुरतं.

आत्याच्या बाबतीत तेच झालं. तिची सोन्याची कॅप आजोबांनी तिला लग्नाआधी बसवून दिलेली. सोनं दातासाठी फार चांगलं. समोरच्या दाताला झिजवत नाही, काठाला घट्ट बसतं. त्या कॅपेने तिने आयुष्यभर कडक भाकरी फोडली. सत्तरीनंतर एक्स-रेत काठाखाली कीड दिसली आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी ती कापून दोन तुकड्यांत काढली. तुकडे ट्रेमध्ये पडताच आत्या खुर्चीत उठून बसली आणि हात पुढे केला. "दोन्ही द्या. माझ्या बाबांचं आहे."

तिथून ती रिक्षा करून थेट सोनाराकडे. त्याने तुकडे भिंगाखाली पाहिले, कसाला लावले, काट्यावर ठेवले, आणि डोकं खाजवत म्हणाला, "आत्याबाई, सोनं आहे. पण आतमध्ये थोडं सिमेंट दिसतंय. घट किती धरू?"

"धर की," आत्या म्हणाली, "पण घडणावळ माझ्या बाजूने लाव. सोनं तू विकतोस तेव्हा ती सोडतोस का?"